सात पुटं

आवडीकाकीने परसात रातांब्याची अकरा रोपं लावली
तेव्हा मी विचारलं, यातली फळणारी किती?
हातावरची माती झटकत ती म्हणाली,
"माका काय म्हायत? नर की मादी
ता आठव्या वर्सा झाडच सांगता.
तुका घाई असात तर कलमी आंबो लाव."

मी तेव्हा चौतीस वर्षांची.
आठ वर्षं म्हणजे मुलाची दहावी,
आठ वर्षं म्हणजे बँकेचे सगळे हप्ते
आणि वर एक वर्ष.
माझ्या टेबलावर ड्रायरचं बिल होतं,
छापून आलेली तीन हजार लेबलं,
सोनेरी कडेची,
मधोमध माझं नाव.

त्या मे महिन्यात म्हापणात
खळ्याखळ्यात सोलं वाळत होती.
काकी ती खारवलेल्या रसात बुडवायची,
उन्हात पसरायची,
तिन्हीसांजेला गोळा करून
सकाळी पुन्हा रसात.
दुसऱ्या पुटाला सोल लाल असतं.
चौथ्याला जांभळं, तुकतुकीत,
कुणीही फसावं इतकं देखणं.
सातव्याला काळं पडतं,
आणि मग त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मी चौथ्याला थांबले.

श्रावणात निपाणीच्या मगदूमांनी गोणी परत पाठवली.
तोंडाच्या सुतळीत चिठ्ठी: माल ओला.
आत पांढरी बुरशी, बाळाच्या जावळासारखी मऊ.
ती गोणी मी काकीच्या रोपांत
खत म्हणून ओतायला निघाले
तर ती पडवीतूनच ओरडली,
"मीठ असा गो त्यात! झाडां मारतलंस?"
जवळ येऊन तिने एक सोल उचललं,
वास घेतला, खाली ठेवलं.
"रंग बेगीन येता. मुरूक येळ लागता."

गोणी खाडीत रिकामी केली.
पाणी थोडा वेळ तांबूस झालं,
मग भरती आली.

ड्रायर विकला.
लेबलांच्या पाठीवर मुलाने
त्रैराशिकं सोडवली, पुढे बीजगणित,
तरी ती संपेनात.
दर उन्हाळ्यात मी काकीच्या खळ्यात बसू लागले.
खारा वारा सुटला की
वाळलेलं सोलही पुन्हा ओलावतं,
हे अंगठ्याला कळायला मला तीन उन्हाळे लागले.
काकी शिकवत नव्हती काही.
माझी ओंजळ चाचपायची,
आणि बहुतेक वेळा
सगळं पुन्हा रसात टाकायची.

आठव्या वर्षी, थंडीत, झाडं बोलली.
अकरातली सात नर.
मला वाटलं, ती मटकन खाली बसेल.
तिने दोनदा मोजलं,
पदराने नाक पुसलं,
"चार असत मगे. चार काय कमी?"
दोन नर तसेच राखले वाऱ्यासाठी.
उरलेल्या पाचांची डोकी छाटून
चांगल्या मादीच्या काड्या माझ्याकडून बांधून घेतल्या.
तिचा हात कापायचा तेव्हा.
या कलमांना फळ धरायला आणखी चार-पाच वर्षं,
आणि ती शहात्तरची.
हा हिशेब आम्ही दोघींनीही
मोठ्याने केला नाही.

ती गेली त्याला हा तिसरा मे.
पाचातलं एक कलम जगलं नाही.
बाकीच्यांखाली सकाळी
लाल सडा पडलेला असतो,
वेचताना कंबर धरते
आणि मी तिच्यासारखीच कण्हते,
तिच्याच सुरात.

काल मगदूमांच्या थोरल्याचा फोन आला.
रसाने बरबटलेल्या हाताने उचलला,
अजून पडद्यावर बोटांचे डाग आहेत.
म्हणाला, गेल्या साली दिलीत तशीच द्या.
तशीच.
इतक्या वर्षांत माझ्याबद्दल
इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

गाडी उद्याच पाठवू का, म्हणाला.
मी खळ्याकडे पाहिलं.
सोलं जांभळी, तुकतुकीत, देखणी.
म्हटलं, अजून तीन पुटं बाकी आहेत.
पलीकडे कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवला,
मग थोडा वेळ काहीच नाही.

बरं, तो म्हणाला,
थांबतो.